वहीत रोज तीन उपकार लिहिते, तरी मन कडूच

प्रश्न : मावशी, सलाम. आईचं डायलिसिस चार वर्षं मी एकटीने केलं, आठवड्यातून दोनदा रिक्षाने नेणं-आणणं, नोकरी सांभाळून. ती गेल्यावर सहा महिन्यांत भावाने बाबांच्या नावावरचं घर विकलं, मला म्हणाला बँकेचे पेपर आहेत सही कर, मी केली. चर्चमध्ये सगळे म्हणतात कडूपणा सोड, उपकार मान. वही घेतली, रोज तीन उपकार लिहिते. पण चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जाताना भाऊ दिसला की पोटात जळतं. त्याची मुलगी, माझी भाची, दर रविवारी फोन करते, तोही उचलवत नाही. मी ख्रिस्ती म्हणून फेल आहे का?

उत्तर : फेल-बिल काही नाही गं. आधी ती वही बंद कर थोडे दिवस. तू उपकार लिहित नाहीयेस, जखमेवर चिकटपट्टी लावतेयस आणि खालून पू येतोय.

बायबलमधलं रूथचं पुस्तक काढ, पहिला अध्याय. नामी मवाब देशातून आपल्या गावी बेथलेहेमला परत येते, नवरा गेलेला, दोन्ही मुलगे गेलेले, बायका विचारतात ही नामीच का, तर ती म्हणते मला नामी नका म्हणू, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, देवाने रिकामी आणली. भर गावात, देवाचं नाव घेऊन! आणि तिला कुणी गप्प केलं नाही, देवानेही नाही. आपल्या मंडळीत कुणी असं बोललं असतं तर लगेच दोन जणी प्रार्थनेला धावल्या असत्या, असो. म्हणजे पहिलं काम उपकार नाही, पहिलं काम प्रभूला खरं सांगणं. मोठ्याने, दार लावून, भावाचं नाव घेऊन.

पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ५:१८ तुला सगळ्यांनी ऐकवलं असणार. तिथे सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं आहे, फसवणुकीबद्दल करा असं नाही. कुणी त्याच्याच इफिसकरांच्या पत्रातलं ५:२० पुढे करेल, तिथे "सर्वांबद्दल" आहे खरं, पण त्याच पत्रात थोडं आधी, ४:२५ ला पौल लबाडी सोडा म्हणतो, मग तो लबाडीसाठी थँक्यू म्हणायला लावेल का?

आणि घराचं. उपकार मानणं म्हणजे हक्क सोडणं नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना, गोव्याचं वेगळं, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो, बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा-मुलगी सारखेच वारस. मृत्युपत्र होतं का, तू सही नेमकी कशावर केलीस, हे वकिलाला दाखव, उशीर करू नको. लूकच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात एकजण वाटणीचा वाद घेऊन आला तर येशू म्हणाला मला तुमचा न्यायाधीश कुणी नेमलं, आणि लोभापासून जपा म्हणून सांगितलं. मी त्यातून एवढंच घेते, वाटणी वकिलाकडे आणि मन प्रभूकडे, दोन्ही एका फायलीत घालायचं नाही.

माझंच सांगते. जावेशी सहा वर्षं बोलत नव्हते, लग्नाच्या मानपानावरून, आता सांगायलाही लाज वाटते. सासूबाई आयसीयूत असताना ती रोज मटकीची उसळ-चपातीचा डबा आणायची, मी खायचे आणि धुऊन परत द्यायचे, एक शब्द नाही. थँक्यू म्हणायला जीभच वळेना. नवव्या दिवशी म्हटलं, मीठ बरोबर होतं गं. एवढंच. तिथून सुटलं हळूहळू. वहीत लिहिलं असतं तर तिला कळलं असतं का?

आता परत नामीकडे. ती रिकामी आले म्हणते तेव्हा तिची सून रूथ तिच्या शेजारीच उभी आहे की! दिसतच नाही तिला. आणि रूथ कोण, मवाबी, जिथे हिचं सगळं गेलं त्याच देशातली पोर. पुढे चौथ्या अध्यायात गावच्या बायकाच तिला सांगतात, ही सून तुला सात मुलांहून जास्त आहे.

तू पत्रात भाचीबद्दल एकच ओळ लिहिलीस, तीही तक्रारीच्या सुरात. भावाला माफ करायचं ते आज जमणार नाही, मी घाईही करत नाही. पण ती त्याच घरातली पोर, बापाने काय केलं ते माहीत असेल-नसेल, आत्याला दर रविवारी फोन करते आणि आत्या उचलत नाही तरी परत करते. या रविवारी उचल. घराचा विषय काढू नको, जेवलीस का विचार, आणि फोन करत राहिलीस त्याबद्दल थँक्यू म्हण.