पाडव्याला ताबा, पण कोणत्या पाडव्याला?

प्रश्न : आम्ही मार्च 2022 मध्ये रावेतला 62 लाखांचा टू बीएचके घेतला. करार नोंदवलेला आहे, त्यात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2024. आतापर्यंत 70 टक्के, म्हणजे 43 लाख 40 हजार दिलेत. भाडंही चालू आणि बँकेचा हप्ताही चालू. साइट ऑफिसला फोन केला की दर वेळी नवी मॅडम. आधी गणपतीला म्हणाले, मग दसऱ्याला, आता पाडव्याला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर ‘काम जोरात सुरू आहे’ आणि हात जोडल्याची इमोजी. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या साइटवर मात्र 31 डिसेंबर 2026 दिसतंय. आता बिल्डरने एक संमतिपत्र पाठवलंय, आठ दिवसांत सही करून द्या म्हणतात. सोबत 3 लाख 10 हजार अधिक जीएसटीचं डिमांड लेटर. सही करू का? पैसे थांबवू का? यजमान म्हणतात, सगळं रद्द करून मोकळे होऊ. तुम्ही काय सांगाल?

— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, सर्वात आधी, त्या कागदावर सही करू नका. निदान आज तरी नाही. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. वरच्या दोन परिच्छेदांत ‘प्रकल्पाच्या नोंदणीला मुदतवाढ मिळण्यास आमची हरकत नाही’ असं साधंसं वाक्य आहे. खरी मेख आहे खाली, बारीक अक्षरात : ‘सुधारित ताबा दिनांक आम्हांस मान्य असून विलंबाबाबत आम्ही कोणतीही मागणी करणार नाही.’ एका कागदात दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या आहेत, आणि हे अनवधानानं झालंय असं मला वाटत नाही.

या दोन गोष्टी सुट्या करून पाहू. रेरा कायद्याच्या कलम 6 मध्ये प्रकल्पाच्या नोंदणीला मर्यादित मुदतवाढ मिळते. ती वापरून झाली की पुढच्या वाढीसाठी महारेरा 51 टक्के ग्राहकांची संमती मागतं. ती संमती द्यायला सहसा हरकत नसावी. उलट नोंदणी संपून प्रकल्प लटकला तर नुकसान आपलंच. पण नोंदणीची मुदत वाढली म्हणून तुमच्या करारातली तारीख बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 6 डिसेंबर 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात हे स्पष्ट केलंय : विलंब मोजायचा तो करारात लिहिलेल्या तारखेपासून, बिल्डरनं महारेराला नंतर कळवलेल्या तारखेपासून नव्हे. थोडक्यात, साइटवर 2026 दिसो नाहीतर 2028, तुमचं घड्याळ 1 जानेवारी 2025 लाच सुरू झालंय.

ते घड्याळ बंद पाडणारी माणसं फक्त तुम्ही दोघं. तुमच्या सहीनं. बिल्डर ती का मागतोय, हे यावरून लक्षात यावं.

संमती द्यायचीच असेल तर बारीक अक्षरातलं ते वाक्य खोडून, बाजूला सही करून, खाली हातानं लिहा : ‘ही संमती केवळ प्रकल्प नोंदणीच्या मुदतवाढीपुरती आहे. करारातील ताब्याचा दिनांक व कलम 18 खालील आमचे सर्व हक्क कायम आहेत.’ खाडाखोड चालणार नाही असं ऑफिसात सांगतील. मग तेच ई-मेलवर सांगायला लावा. पुढं कधी ‘पुरवणी करार’ म्हणून स्टॅम्प पेपरवरचं काही समोर आलं तर त्यातही आधी हेच शोधा.

कलम 18 मध्ये तुम्हाला काय मिळतं ते आकड्यांत बघा. घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या विलंबाचं व्याज. महाराष्ट्राच्या नियमांत त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँक कर्जासाठी ठरवते तो आधारदर) अधिक 2 टक्के असा आहे. हिशेबाला सोपं म्हणून 11 टक्के धरू. 43 लाख 40 हजारांवर वर्षाला 4 लाख 77 हजार 400, म्हणजे महिन्याला जवळजवळ 39 हजार 800. मुद्रांक शुल्क आणि कराची रक्कम सहसा या हिशेबात धरत नाहीत. तरी हा आकडा तुमच्या भाड्यापेक्षा मोठा असणार. हे पैसे लगेच हातात पडतील असं मात्र समजू नका. बरेचदा आदेश असा येतो की हे व्याज शेवटच्या हप्त्यात वळतं करून घ्यावं. मला विचाराल तर तीच वसुली सर्वात खात्रीची, कारण त्यात बिल्डरच्या खिशातून पैसे काढावे लागत नाहीत, आपल्या खिशातले द्यायचे वाचतात.

आता डिमांड लेटर. 3 लाख 10 हजार म्हणजे किमतीच्या बरोबर 5 टक्के. करारातलं हप्त्यांचं परिशिष्ट काढा. नमुना करारात 70 टक्क्यांनंतरचा हा टप्पा भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या पूर्ण झाल्यावरचा असतो, आणि तुमच्या करारातही तो तसाच आहे. आणि तुम्ही रविवारी काढलेल्या फोटोत काय दिसतं? नवव्या मजल्यावरच्या तुमच्या हॉलमध्ये कोबा उघडा आहे, फरशीची खोकी लिफ्टच्या खड्ड्याजवळ रचलेली, बेडरूमची चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली, खिडकीच्या जागी निळी ताडपत्री. हे काम ‘पूर्ण’ असेल तर माझं मराठी कच्चं!

तरी पैसे नुसते थांबवू नका. थकबाकीवर व्याज तुम्हालाही लागतं, तेही त्याच दरानं, आणि गप्प बसलेल्या ग्राहकाला ‘तुम्हीच डिफॉल्टर’ म्हणणं सोपं असतं. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. मजकूर असा चालेल :

‘आपले दि. … चे मागणीपत्र मिळाले. करारातील परिशिष्टानुसार हा हप्ता सदनिकेतील फरशी व दारे-खिडक्या पूर्ण झाल्यावर देय होतो. आमच्या सदनिकेत ही कामे दि. … रोजी अपूर्ण होती, छायाचित्रे सोबत जोडली आहेत. टप्पा पूर्ण झाल्याचा वास्तुविशारदाचा दाखला पाठवावा. तो मिळताच 1 जानेवारी 2025 पासूनचे विलंब-व्याज वजा जाता देय रकमेबाबत आम्ही कार्यवाही करू. कलम 19 (2) नुसार उर्वरित कामांचे टप्पेनिहाय वेळापत्रक, पाणी व वीजजोडणीसह, 15 दिवसांत द्यावे.’

हे ई-मेल करा आणि स्पीड पोस्टानंही पाठवा. रजिस्टर्ड ए.डी. आता स्पीड पोस्टातच गेली आहे, त्यामुळे पोचपावतीची सोय मागून घ्या. याची एक प्रत बँकेला द्या आणि सोबत दोन ओळी लिहा की वास्तुविशारदाच्या दाखल्याशिवाय आणि आमच्या लेखी होकाराशिवाय पुढचा हप्ता बिल्डरला सोडू नये. बँकेचा स्वतःचा हप्ता मात्र एकही चुकवू नका. बिल्डरवरचा राग सिबिलवर काढून उपयोग नाही.

खरी माहिती मिळत नाही, ही तुमची तक्रार मला सर्वात पटते. पण माणसांना विचारणं सोडा. साइट ऑफिसातल्या मॅडमना खरंच काही माहीत नसतं. कलम 11 प्रमाणे बिल्डरला दर तिमाहीला प्रकल्पाची स्थिती महारेराच्या साइटवर टाकावी लागते : किती सदनिका विकल्या, कोणत्या परवानग्या मिळाल्या, काम कुठवर आलं. ही माहिती न देणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेरानं 2023 मध्ये स्थगित केली होती. तुमच्या प्रकल्पाचं पान उघडा आणि वास्तुविशारदाचा दाखला, म्हणजे नमुना 1, शोधा. त्यात इमारतवार तक्ता असतो. स्लॅब किती टक्के, आतलं प्लास्टर किती, फरशी किती, दारं-खिडक्या किती. डिमांड लेटर ‘पूर्ण’ म्हणतं आणि तक्ता 45 टक्के म्हणतो, असं मी अनेक फायलींत पाहिलंय. एकाच कंपनीचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात तेव्हा वकिलाला फार बोलावं लागत नाही.

शेजारी नमुना 3, म्हणजे सनदी लेखापालाचा दाखला. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून फक्त याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे असतात. खर्च झालेला पैसा भरपूर आणि काम थोडं, असं दिसलं तर लगेच वकील गाठा. प्रत्येक तिमाहीचे कागद डाउनलोड करून ठेवा. दर महिन्याला एकाच खिडकीतून, एकाच कोनातून फोटो काढा. सुनावणीत आमच्या अर्ध्या तासाच्या युक्तिवादापेक्षा असे सहा फोटो अधिक बोलतात.

बिल्डर तोंडी ‘पर्यावरण मंजुरी अडकली’ म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. तुमच्या इमारतीचा बांधकाम चालू करण्याचा दाखला कधीचा आणि किती मजल्यांपर्यंतचा, जोते तपासणी कधी झाली, काम थांबवण्याची नोटीस कधी निघाली का, एवढंच विचारा. बांधकामाचा दाखला 2022 मध्येच मिळालेला असेल तर ती सबब गेली. नसेल तर फ्लॅट विकला कशाच्या जोरावर, हा प्रश्न आला.

यजमानांच्या प्रश्नाकडे येते. बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयानं 11 नोव्हेंबर 2021 च्या न्यूटेक प्रमोटर्स निकालात सांगितलंय की ताबा वेळेत मिळाला नाही तर व्याजासह परतावा मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे, मग बिल्डर कोणत्याही न्यायालयाची स्थगिती पुढे करो. पण हक्क असणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. परताव्याचा आदेश बिल्डरनं पाळला नाही तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं. तिथून तहसीलदार जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात, आणि तिथला वेग तुम्ही सात-बाऱ्याच्या निमित्तानं पाहिलाच असेल. आलेल्या पैशातून आधी बँकेचं कर्ज फिटेल. शिवाय 62 लाखांत आज त्याच भागात तेवढंच घर मिळतं का, हे यजमानांना एकदा फिरून पाहू द्या. तुमच्या इमारतीचा सांगाडा उभा आहे, राहिलंय ते फिनिशिंग. नुसता खड्डा असता तर मी उलट सल्ला दिला असता. इथं घर धरून ठेवावं आणि व्याज मागावं, असं माझं मत.

तरीही बाहेर पडायचं ठरलं, तर एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा : मार्च 2027. बिल्डरबरोबरचा नोंदणीकृत करार ताबा घेण्याआधी, करारापासून 5 वर्षांच्या आत, नोंदणीकृत रद्दलेखानं रद्द झाला तरच मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो. त्यासाठीचा अर्जही रद्दलेखाच्या नोंदणीपासून 6 महिन्यांत करावा लागतो. नोंदणी फी परत मिळत नाही. बिल्डर ‘बघू, करू’ म्हणत दिवस ढकलतो आणि हे 5 वर्षांचं दार आपोआप बंद होतं. अशी वेळ आलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा माझ्याकडेही फारसं उत्तर नसतं.

पत्राला 15 दिवसांत सरळ उत्तर आलं नाही तर महारेराच्या महाक्रिटी पोर्टलवर तक्रार टाका. फी 5 हजार रुपये. सुनावणीला ऑनलाइन हजर राहता येतं, त्यामुळे यजमानांना रजा टाकून मुंबईला जायला नको. निकाल पटकन लागेल असं आश्वासन मी देणार नाही. तारीख लागायला वेळ जातो, म्हणूनच तक्रार आधी नोंदवून ठेवायची. बिल्डर बोलणीला तयार असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे, तिथं ग्राहक पंचायतीचे आणि बिल्डरांच्या संघटनेचे प्रतिनिधी एकत्र बसतात. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे, तुम्ही भरलेली रक्कम 50 लाखांच्या आत असल्यानं जिल्हा आयोगातच. पण एका मागणीसाठी दोन दारं ठोठावू नका.

ग्रुपमधल्या बाकीच्यांना हेही सांगा की 51 टक्के सदनिका विकल्या गेल्यापासून तीन महिन्यांत सोसायटी स्थापण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. एकट्यानं विचारलं तर इमोजी येते, सोसायटीच्या लेटरहेडवर विचारलं तर बहुधा उत्तर येतं.

शेवटी तुमच्या ताजा कलमाबद्दल. सासऱ्यांना पाडव्याला घरात कलशपूजन करायचंय आणि बिल्डर ‘फिट-आउटसाठी’, म्हणजे आतल्या फर्निचरच्या कामासाठी, ‘किल्ली देतो’ म्हणतोय. पूजा जरूर करा, पाऊण तास किल्ली मागून घ्या. मात्र किल्लीबरोबर ‘ताबा पावती’ पुढे येईल, ती घेऊ नका. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याशिवाय, दिलेला ताबा हा ताबा नव्हे, पण त्या पावतीवर सही असली की तुमचं विलंब-व्याज त्याच दिवशी थांबलं असं बिल्डर म्हणणार. अगदीच सही हवी असेल तर रजिस्टरमध्ये लिहा : ‘पूजेसाठी किल्ली घेतली, सकाळी साडेनऊ. परत केली, सव्वादहा.’ आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.