वाचकांचे प्रश्न : कैगाचा शेजार

प्रश्न : आमचा मुलगा आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून वर्षभर घरीच आहे. कारवारच्या एका कंत्राटदाराने त्याला कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्रात देखभालीच्या कामासाठी बोलावले आहे. त्याच्या वडिलांचा विरोध आहे. पुढे लग्न जमणार नाही, मुले धड निपजणार नाहीत, असे शेजारीपाजारीही सांगतात. त्याला पाठवावे का? (एक वाचक, पैंगीण, काणकोण)

उत्तर : पाठवू नका, असे मी म्हणणार नाही, मात्र कंत्राटदाराला पगाराखेरीज आणखी काही विचारल्याशिवाय होकारही देऊ नये. कैगाला प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या असून त्या २००० ते २०११ या काळात टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाल्या. त्या ठरावीक काळाने दुरुस्तीसाठी बंद ठेवल्या जातात आणि अशा शटडाऊनच्या दिवसांत बाहेरून घेतलेल्या फिटर, वेल्डर आणि मदतनिसांना किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करावे लागते. केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांपेक्षा या कामगारांच्या वाट्याला येणारी किरणोत्सर्गाची मात्रा कितीतरी अधिक असते. चर्चा मात्र बहुधा राहणाऱ्यांचीच होते.

या मात्रेच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि ती मिलिसीव्हर्ट या एककात मोजतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार सर्वसामान्य नागरिकासाठी नैसर्गिक किरणोत्सर्ग वगळून वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, किरणोत्सर्ग क्षेत्रातील नियमित कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांत मिळून १०० आणि कोणत्याही एका वर्षात ३०, तर तात्पुरत्या कामगारासाठी वर्षाला १५ मिलिसीव्हर्ट, अशा त्या आहेत. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येकाला जगभर सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट दरवर्षी मिळतच असतात आणि छातीचा एक सीटी स्कॅन काढला तरी पाच-सात मिलिसीव्हर्टची भर पडते, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्यांचा अंदाज येतो.

ही मात्रा मोजण्यासाठी कामगाराच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्यातील बारीक चकत्यांमध्ये मात्रेची नोंद साठते आणि ती नंतर प्रयोगशाळेत वाचली जाते. त्यामुळे बॅजकडे पाहून कामगाराला काहीच कळत नाही; जागच्या जागी आकडा दाखवणारे दुसरे छोटे उपकरण वेगळे दिले जाते. कैगासारख्या भट्ट्यांत जड पाणी (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो असे पाणी) वापरले जाते व त्यात ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचेच किरणोत्सर्गी रूप, तयार होते. ते श्वासावाटे किंवा त्वचेतून शरीरात गेले तर बॅजला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून लघवीचा नमुना द्यावा लागतो. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगातील पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले, हे अशा नमुन्यांमुळेच उघडकीस आले. ते कोणीतरी मुद्दाम केलेले कृत्य असल्याचे त्या वेळी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. ट्रिशियम सुमारे दहा दिवसांत निम्मे शरीराबाहेर पडते आणि भरपूर पाणी प्यायल्यास त्याहून लवकर जाते, ही त्यातली जमेची बाजू.

तेव्हा कंत्राटदाराला हे विचारावे : काम कोणत्या क्षेत्रात आहे, आधी प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी होणार का, बॅज मुलाच्या स्वतःच्या नावावर असेल का आणि काम संपल्यावर मात्रेची नोंद लेखी मिळेल का. ही नोंद दुसऱ्या केंद्रात काम मिळाले तरी पुढे मोजली जाते, म्हणून तो कागद दहावीच्या प्रमाणपत्राइतकाच जपावा. मर्यादा भरत आली म्हणून कोणी बॅज काढून ठेवायला सांगितले, तर त्या दिवसाच्या हजेरीवर पाणी सोडावे, पण बॅजशिवाय आत पाऊल टाकू नये. वयाची अठरा वर्षे पूर्ण नसतील, तर हा विषय इथेच संपतो.

राहता राहिली लग्नाची गोष्ट. हिरोशिमा आणि नागासाकी येथून वाचलेल्या लोकांच्या मुलांचा अनेक दशके अभ्यास झाला; त्यांच्यात आनुवंशिक दोषांचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही, आणि त्या आईवडिलांपैकी अनेकांना मिळालेली मात्रा तुमच्या मुलाला मिळू शकेल त्याच्या कितीतरी पट होती. मुलगी पाहायला जाल तेव्हा हे व्याह्यांना खुशाल सांगावे.

प्रश्न : काळी नदीच्या मुखाजवळच्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि कारवारचे बांगडे आमच्याकडे नेहमी येतात. ते खाणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कैगा केंद्र थंड राखण्यासाठी काळी नदीवरील कद्रा धरणाच्या जलाशयाचे पाणी घेतले जाते आणि तीच नदी पुढे सदाशिवगडाजवळ समुद्राला मिळते, त्यामुळे आपली शंका गैर नाही. मात्र केंद्राबाहेर पर्यावरण सर्वेक्षणाची स्वतंत्र प्रयोगशाळा असून ती पाणी, मासे, दूध, भात, भाजीपाला यांचे नमुने नियमित तपासते. केंद्रांच्या परिसरात नागरिकांना मिळणारी मात्रा १ मिलिसीव्हर्टच्या मर्यादेपुढे अगदीच किरकोळ असल्याचे नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत दिसते. बांगडा तर खुल्या समुद्रातला. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, म्हणून त्यांच्यात जे पाण्यात असेल ते साठते. मला त्यांची काळजी वाटते ती मैलापाण्याची. नीट शिजवून खाव्यात.

प्रश्न : उद्या अपघात झालाच, तर गोव्यात काय करावे? आयोडीनच्या गोळ्या घरी ठेवाव्यात का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंत धरले जाते. काणकोण सरळ रेषेत चाळीस किलोमीटरहून दूर, म्हणजे त्याबाहेर आहे. आयोडीनच्या गोळीने फक्त थायरॉइड ग्रंथीला आणि तेही केवळ किरणोत्सर्गी आयोडीनपासून संरक्षण मिळते. ती वेळेवर घेतली तरच उपयोगी पडते, म्हणून प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नये. जखमेवर लावायचे आयोडीन तर कदापि पिऊ नये. एवढ्या अंतरावर दक्षता घ्यायची ती दुधाची, कारण किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसते आणि गाईच्या दुधातून लहान मुलांपर्यंत पोहोचते. त्याचे अर्धायुष्य (निम्मे नाहीसे होण्याचा काळ) आठ दिवसांचे असल्यामुळे काही आठवडे गुरांना उघड्यावर चरायला न सोडता साठवणीतला पेंढा घालावा, विहीर झाकावी आणि घरातल्या मुलांना दुधाची पावडर द्यावी.