रत्नागिरीत राहून बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट घेतली, तर घाटात चालवायला कशी वाटेल?

आंबा घाटात ती मनापासून आवडेल. गावातल्या रस्त्यांवर मात्र तिचा जाच होईल. मेहुण्यांची ही गाडी साखरप्याहून घाट चढवून मलकापूरपर्यंत मी चालवली आहे, त्यावरून हे लिहीत आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) देते, आणि हा टॉर्क इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळत असल्याने, चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागे रखडल्यावर सरळ पट्टा दिसताच पाय किंचित दाबला तरी गाडी झटकन पुढे निघते. ताकद मागच्या चाकांकडे जाते, पुढच्या चाकांना केवळ वळण्याचेच काम उरते. त्यामुळे स्टीअरिंग इतके नेमके लागते की लागोपाठच्या वळणांवर हात सावरून घ्यावे लागत नाहीत. (पावसाळ्यात ओल्या पाचोळ्यावर स्पोर्ट मोड, म्हणजे गाडीला अधिक आक्रमक करणारी सेटिंग, बंदच ठेवावा.) अडचण आहे ती कडक सस्पेन्शनची आणि कमी उंचीची: खड्डा थेट पाठीला कळतो आणि उंच गतिरोधकावर गाडी तिरकी घालावी लागते. घर मुख्य रस्त्यापासून आत असेल, तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर न घेता स्वतःच्या अंगणापर्यंतच्या चढावरच मागून घ्यावी.