जप्त झालं म्हणजे सरकारचं झालं का?

प्रश्न असा आला आहे: ‘पोलिसांनी गुन्हेगाराची मालमत्ता जप्त करून तिचा लिलाव केला’ हे वाक्य बरोबर आहे का? जप्त, टाच आणि सरकारजमा हे तिन्ही एकच का? आणि लिलावाला ‘हर्रास’ म्हणणं अशुद्ध का?

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नाही. पण पोलिसांच्या जप्तीनंतर आणि लिलावाआधी कोर्ट येतं किंवा कायद्याने नेमलेला एखादा अधिकारी येतो. तो या वाक्यातून पार गळला आहे.

आधी ‘जप्त’ पाहू. मूळ अरबी धातूचा अर्थ घट्ट धरणं, आवरणं, ताब्यात ठेवणं. उर्दूत ‘ज़ब्त’ म्हणजे भावनांना आवर घालणं असाही अर्थ आहे. मोडी कागदांत नियम किंवा यादी या अर्थाने येणारा ‘जाबता’ याच धातूचा, आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याला उर्दूत ‘ज़ाब्ता फ़ौजदारी’ म्हणतात तोही. यात मालकी बदलल्याचा अर्थ कुठेही नाही. पोलिसांची जप्ती नेमकी अशीच असते. पंचांसमक्ष पंचनामा होतो, वस्तूंना सील लागतं आणि त्या मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जातात. वस्तू पोलिसांच्या ताब्यात असते, मालकी मात्र ज्याची होती त्याचीच राहते.

मग गोंधळ कुठून आला? माझ्या मते निवडणुकीतून. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर उमेदवाराची अनामत ‘जप्त’ होते आणि ती परत मिळत नाही. तिथे जप्त म्हणजे कायमचं गेलं. एकच शब्द दोन कामं करतो, आणि बातमी वाचताना आपण नकळत दुसरा अर्थ घेतो.

‘मुद्देमाल’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. यातला ‘मुद्दा’ म्हणजे मूळ अर्थाने दावा केलेली गोष्ट. दावा करणारा तो मुद्दई. ज्या मालावरून वाद किंवा खटला उभा आहे तो मुद्देमाल, गुजरातीत मुद्दामाल. मुंबई आणि गुजरात उच्च न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांतही हा शब्द तसाच वापरलेला आढळतो. हल्ल्यात वापरलेला कोयता मुद्देमाल, रक्ताचे डाग पडलेला शर्ट मुद्देमाल, आणि एखाद्या बाईची चोरीला गेलेली सोनसाखळी चोराकडे सापडली तर तीही मुद्देमालच. ती साखळी ‘जप्त’ झाली म्हणून सरकारची झाली असं कोणी म्हणेल का? ती कोर्टाच्या आदेशाने, बहुतेक वेळा सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा ती हजर करण्याच्या लेखी हमीवर, त्या बाईकडे परत जाते. म्हणून ‘अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त’ या मथळ्यातला सगळा माल आरोपीचाच असतो असं धरून चालू नये. मुद्देमालातल्या वस्तूंवर हक्क सांगायला सहा महिन्यांत कोणी आलं नाही आणि आरोपीलाही त्या आपल्या म्हणून सिद्ध करता आल्या नाहीत, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्या राज्य सरकारकडे जातात आणि विकता येतात. पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बेवारस दुचाकींसाठीही आधी जाहीर नोटीस काढून मालकाला मुदत द्यावी लागते.

‘टाच’ वेगळी. जप्तीत वस्तू उचलून नेता येते, घर किंवा जमीन नेता येत नाही. तिच्यावर टाच येते, म्हणजे मालकाला ती विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही. ईडीची सुरुवातीची टाच तात्पुरती असते. 180 दिवसांत ती मनी लाँडरिंग कायद्याखालच्या प्राधिकरणाकडून कायम झाली नाही तर उठते. ठेवीदारांना बुडवणाऱ्या वित्तसंस्थांवर आपल्याकडे 1999च्या एमपीआयडी कायद्याखाली येते तीही टाचच. ती न्यायालयाने कायम केल्यावर विक्री होते आणि पैसा ठेवीदारांत वाटला जातो, तो सरकारचा होत नाही. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेवर टाच आणण्याची तरतूद आहे. तिथेही पोलिसांनी कोर्टाकडे अर्ज करायचा असतो.

मालकी खरोखर सरकारकडे जाते तेव्हाचा शब्द ‘सरकारजमा’. कायद्याच्या पुस्तकात ‘समपहरण’ असतं, पण सरकारजमा हा शब्द ऐकताक्षणी कळतो, म्हणून मी त्याच्याच बाजूचा आहे. दाऊद इब्राहिमच्या मालमत्तांचं उदाहरण घ्या. त्या 1976च्या तस्करीविरोधी कायद्याखाली, म्हणजे ‘साफेमा’खाली, सरकारजमा झाल्या. लिलाव पोलिसांनी नव्हे, केंद्रीय अर्थ मंत्रालयाखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याने केला. नोव्हेंबर 2017मध्ये मुंबईतल्या तीन मालमत्ता 11.58 कोटींना गेल्या. त्या भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने घेतल्या. जानेवारी 2024मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या एका जमिनीची राखीव किंमत होती 15,440 रुपये आणि बोली लागली 2.01 कोटींची. ‘पोलिसांनी दाऊदची मालमत्ता विकली’ असं लिहिणं इथे सरळ चूक ठरेल.

मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘सरकारजमा झालेल्या मालमत्तेचा सक्षम प्राधिकाऱ्यांनी लिलाव केला.’ आणि प्रकरण अजून चौकशीतच असेल तर ‘पोलिसांनी मुद्देमाल जप्त केला’ एवढंच, त्यापुढे एक शब्दही नको. आरोप सिद्ध न झालेल्या माणसाची मालमत्ता आपण भाषेतच काढून घेता कामा नये.

आता हर्रास. विदर्भ-मराठवाड्यात हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे आणि तो अजिबात अशुद्ध नाही. अरबी ‘हराज’ म्हणजे लिलाव. गुजरातीत ‘हराजी’ झाला, आपल्याकडे हर्राज, हर्रास. ‘लिलाव’ तर पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला, आणि तो पोर्तुगीज शब्दही अरबीतून, ‘जाहीर करणे’ या अर्थाच्या शब्दावरून आल्याचं सांगतात. लिलाव दर्यावर्दी पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्यावर उतरला आणि छापील मराठीत स्थिरावला. बाजार समितीत किंवा जत्रेच्या दुकानांसाठी हर्रास होत असेल तर बातमीतही खुशाल हर्रासच लिहा.