धुऱ्याचा वाद अन् मोबाईलमधला निकाल

प्रश्न: वकीलताई, आमच्या वावरात जायचा जुना पांदण रस्ता शेजाऱ्यानं दिवाळीनंतर काटे टाकून बंद केला, बंडी जात नाही, वेचलेला कापूस डोक्यावर आणून राहिलो. भाच्यानं एआयला विचारलं तर त्यानं नागपूर खंडपीठाचा निकाल दिला, नावं, साल, नंबर सगळं. खरा आहे का म्हणून परत विचारलं तर म्हणते हो. प्रिंट घेऊन वकिलाकडे गेलो, ते म्हणते असा निकालच नाही. एआय अन् कायद्यावर एवढं संशोधन चालू आहे म्हणते, मग हे खोटं काऊन सांगते?
– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर: भाऊ, पहिले रस्त्याचं, कारण तिथं दिवस मोजून आहेत. चालू असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, अर्ज तहसीलदाराकडे, अन् तोही अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल अन् धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नवीन पाहिजे असेल तर महसूल संहितेचं कलम 143. तुम्ही पाठवलेल्या प्रिंटमध्ये या दोन्हीची खिचडी झाली आहे, तसाच अर्ज दिला असता तर नुसता वेळ गेला असता.

आता खोटं काऊन सांगते ते. हे मशीन कपाटातून फाईल काढून वाचत नाही, एका शब्दामागं कोणता शब्द येईल याचा अंदाज लावत जाते. निकाल कसा दिसतो, 'विरुद्ध महाराष्ट्र शासन' कुठं येतं, हे त्यानं इतकं वाचलेलं आहे की नसलेला निकालही हुबेहूब लिहून देते. आणि खरा का म्हणून त्यालाच विचारलं तर तोही अंदाजच. भाच्याला रागावू नका, 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांचं हेच झालं, विमानात गुडघ्याला ट्रॉली लागल्याची केस होती, चॅटजीपीटीनं दिलेले खोटे निकाल त्यांनी कोर्टात लावले, त्यालाच विचारून खात्री केली, अन् 5,000 डॉलर दंड बसला.

संशोधन मात्र खरंच चालू आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटते. स्टॅनफर्डच्या लोकांनी 2024 मध्ये वकिलांसाठीचे पैसे देऊन घ्यायचे एआय टूल तपासले, जे कायद्याचा खरा डेटाबेस उघडून उत्तर देतात, तरी 17 ते 33 टक्के उत्तरांत चुका किंवा बनावट गोष्टी निघाल्या. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाची सुमारे 35 हजार प्रकरणं घेऊन निकाल काय लागेल ते मशीनला ओळखायला लावलं, तर जमलं 78 टक्के, कायद्याच्या जाणकारांना 94.

पण हे सगळं इंग्रजीत. हिंदीसाठी उत्तर प्रदेशच्या जिल्हा कोर्टांची 9 लाखांवर कागदपत्रं गोळा झाली, जामिनावर अभ्यास झाला. तुमचा वाद मात्र तहसीलच्या मराठी पंचनाम्यात आहे, 'धुऱ्याच्या उत्तरेस बाभळीचे झाड' असं लिहिलेल्या कागदात, अन् ते कागद मशीनपर्यंत पोचलेच नाहीत तर ते आपल्या रस्त्याचं काय सांगणार? नावं-गावं झाकून असे आदेश अभ्यासाला दिले पाहिजे, हे मी आमच्या बार रूममध्येही बोलून राहिले.

तोवर एआयकडून कायद्याची भाषा समजून घ्या, कलम शासनाच्या साईटवर उघडून वाचा, निकालाचा नंबर हायकोर्टाच्या साईटवर टाकून पाहा, नाही सापडला तर सोडून द्या. सातबारा, गावनकाशा, काट्यांचे तारखेसह फोटो अन् त्या रस्त्यानं जाणारे दोन-तीन शेजारी साक्षीला, हे आताच जमवा.

प्रश्न: ताई, मी एलएलबीला आहे. पुढं निकाल एआयच देईल का?
– एक विद्यार्थिनी, पुसद

उत्तर: केरळ हायकोर्टानं जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्यात निर्णय घ्यायला एआय वापरायचं नाही असं स्पष्ट आहे, भाषांतर करून घेतलं तरी ते माणसानं तपासायचं. सुप्रीम कोर्टाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर सुवास 2019 पासून आहे. मराठी अन् इंग्रजी दोन्ही कायदा नीट येणारी माणसं हे तपासायला लागतील, तू मराठी पक्की ठेव.