अ‍ॅसिडने भाजलेली जखम भरली, पण वण जाड होतोय. हा असाच राहणार का?

तीन महिन्यांपूर्वी कामावर अ‍ॅसिड पडून हात भाजला, जखम भरली, पण वण लाल, जाड होतोय आणि खाजेने झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अंगात विष उरलं असेल का, हेही विचारलंय.

आधी धीर धरा. तीन महिन्यांचा वण अजून घडतोय. जी जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात, तिचा वण बहुधा फुगतो. पहिले काही महिने तो वाढतच जातोय असं वाटतं. निवायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

माझा हात काच कोरण्याच्या कामात हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडने भाजला. हातमोज्याला बारीक भोक होतं. तेव्हा काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी अंगठ्याच्या बेचक्यात असा ठणका लागला की हात कुठे ठेवू कळेना. दवाखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावलं आणि छातीला ईसीजीच्या वायरी जोडल्या. भाजलाय हात, मग छातीला वायरी कशाला? हे अ‍ॅसिड आत मुरून रक्तातलं कॅल्शियम कमी करतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तो धोका सुरुवातीच्या काळातला, तुम्ही त्यापुढे आलात. पण फिनॉल किंवा क्रोमिक अ‍ॅसिड असेल तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून नुसतं ‘अ‍ॅसिड’ एवढ्यावर थांबू नका. कामावरून त्या रसायनाची सेफ्टी डेटा शीट (त्यात काय आहे आणि त्याचे धोके काय, हे सांगणारा कागद) मागून घ्या, डॉक्टरांना दाखवा आणि कोणत्या रक्ततपासण्या लागतील ते विचारा.

वणासाठी मला सिलिकॉनची पट्टी आणि प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे वणावर सतत दाब ठेवणारा घट्ट हातमोजा, दिला होता. ग्लोव्ह दिवसाचे 23 तास घालायचा. शिवण बोटांत रुतायची, खूप वैताग यायचा, तरी खाज त्यानेच उतरली. शिवाय साधं मॉइश्चरायझर लावून वण दाबून चोळायचा आणि उन्हापासून झाकायचा.

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम. बेचक्यातला वण आकसून माझा अंगठा फाकेना, पाण्याचा पेला धरता येईना. रोज सकाळी तोच पेला हातात घेऊन बघायचे, बेचक्यात किती आत बसतो. पूर्ण टेकायला पाच महिने लागले. तुमचंही बोट वाकवताना किंवा सरळ करताना वण ताणून पांढरा पडत असेल आणि हालचाल रोज थोडी कमी होत असेल, तर वण निवायची वाट बघू नका, याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट आणि प्लास्टिक सर्जनला दाखवा.