नागपूरहून २४ तासांत १६१० किमी: बाईक कशी तयार करावी?

तुम्ही विचारलंय की आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या बाईक राइड प्रमाणित करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या 'सॅडलसोर १०००'साठी (२४ तासांत १००० मैल, म्हणजे साधारण १६१० किमी) टूरिंग बाईकला काय काय करावं लागेल.

सगळ्यात आधी, शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही लावू नका. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड बदलायचे तर महिनाभर आधी बदला आणि हैदराबादला जाऊन-येऊन हजारेक किमी काढा. काय सैल होतंय ते तेव्हाच कळतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात पांढरकवड्याच्या पुढे रात्री अडीचला हेडलाइट मिचमिचायला लागला. आदल्या दिवशी जादाचे दिवे बसवताना बॅटरीच्या टर्मिनलचा स्क्रू नीट आवळलाच गेला नव्हता. तेव्हापासून दिव्यांना वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच), वेगळा फ्यूज आणि महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टवर पेंटची रेघ. बोल्ट फिरला की रेघ तुटते, टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतं.

नवी क्लच केबल जुनीच्या शेजारीच ओवून ठेवा. तुटली तर फक्त टोकं बदलायची. चेनला दर ५०० किमीला लूब. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. आणि मे महिन्यात निघूच नका हो, डिसेंबर-जानेवारी उत्तम.

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ४४ धरा. पेट्रोलच्या पावतीवर तारीख, वेळ, ठिकाण नीट छापलंय का ते बघूनच पंप सोडा. तोच तुमचा पुरावा.